पातळ्यांचा तक्ता झाला, पुढे काय? राष्ट्रीय पात्रता आराखड्याविषयी वाचकांचे प्रश्न

शाळेचा दाखला, व्यवसाय प्रमाणपत्र, पदविका, पदवी, कामावर मिळवलेले कौशल्य हे सगळे एकाच मापाने मोजून पातळीवार मांडायचे, आणि एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर जायला कोणत्याही वयात वाट ठेवायची, यासाठी राष्ट्रीय पात्रता आराखडा असतो. जगातले दीडशेहून अधिक देश आज या कामाच्या कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर आहेत. या विषयावर वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे देत आहोत.

प्रश्न : आमच्या समितीकडे आराखड्याचा मसुदा करण्याचे काम आहे. पातळ्या ८ ठेवायच्या की १०, या वादातच पहिल्या दोन बैठका गेल्या. नेमक्या किती असाव्यात?

हा वाद आत्ताच थांबवा. स्कॉटलंडमध्ये १२ पातळ्या आहेत, आयर्लंड, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत १०, मलेशियात आणि युरोपीय पात्रता आराखड्यात ८, हाँगकाँगमध्ये ७. एकच ऑनर्स पदवी स्कॉटलंडमध्ये १० व्या, आयर्लंडमध्ये ८ व्या आणि इंग्लंडमध्ये ६ व्या पातळीवर बसते. त्यामुळे त्या पदवीची किंमत कुठे वाढली नाही की घटली नाही.

आधी यादी करा. देशात आज प्रत्यक्ष दिले जाणारे प्रत्येक प्रमाणपत्र घ्या आणि त्यापुढे सहा गोष्टी लिहा : देणारी संस्था, प्रवेशाची अट, कालावधी, परीक्षा कोण घेते, ते हातात असले की पुढे कुठे प्रवेश मिळतो, आणि नोकरीच्या जाहिरातीत ते धरले जाते का. पाचवा रकाना भरताना समितीचे डोळे उघडतात. व्यवसाय प्रमाणपत्रांसमोर तो बहुतेक वेळा कोराच राहतो, आणि आराखडा नेमका कशासाठी हवा आहे हे त्या कोऱ्या रकान्यांवरूनच कळते.

यादी तयार झाली की तिची चळत लावा. शिकणाऱ्याकडून वरच्या पात्रतेत खालच्या पात्रतेपेक्षा काही वेगळी अपेक्षा असेल तरच मध्ये रेघ ओढायची. कालावधी वाढला एवढ्यावरून नवी पातळी काढू नका. तीन वर्षांचा अभ्यासक्रम दोन वर्षांच्या अभ्यासक्रमापेक्षा वरचा असतोच असे नाही. भारताने २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक (क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या तासांवरून मोजलेला भार) आराखड्यात पदवीच्या वर्षांना ४.५, ५, ५.५ अशा अर्ध्या पायऱ्या दिल्या आहेत. पदवी मध्येच सोडून पुन्हा परतण्याची सोय ठेवायची, हा त्यामागचा विचार आहे. तुमच्याकडे तशी सोय द्यायची नसेल तर अर्ध्या पातळ्यांची नक्कल करू नका.

आणखी एक गोष्ट म्हणजे खालचे टोक. समितीत विद्यापीठांची माणसे जास्त असली की डॉक्टरेटच्या वर्णनावर तीन दिवस खर्च होतात आणि पहिली पातळी एका ओळीत आटोपते. आयर्लंडने पहिल्या दोन पातळ्या साक्षरता आणि अंकज्ञानाच्या प्राथमिक टप्प्यांसाठी राखल्या, म्हणजे चाळिशीत पुन्हा शिकायला बसलेल्या माणसालाही आपली नोंद होईल असे ठिकाण मिळाले. आराखड्याच्या नावात ‘आजीवन’ हा शब्द घालायचा असेल तर हे करावेच लागेल.

प्रश्न : अध्ययन निष्पत्ती लिहिण्यासाठी आम्ही क्रियापदांची एक छापील यादी वापरतो. तरी तज्ज्ञ म्हणतात, ‘वाक्ये पोकळ आहेत.’ चुकते कुठे?

अध्ययन निष्पत्ती म्हणजे शिकून झाल्यावर शिकणाऱ्याला नेमके काय करता येते ते सांगणारे वाक्य. नुसते क्रियापद बदलले म्हणून निष्पत्ती होत नाही. वायरमनच्या अभ्यासक्रमात असे वाक्य हमखास सापडते : ‘विद्यार्थी विद्युत सुरक्षेचे महत्त्व स्पष्ट करेल.’ हे तपासायचे कसे? दोन परिच्छेदांचे पाठ केलेले उत्तर लिहून कोणीही पास होईल.

आता हे पाहा : ‘नव्या घरगुती वायरिंगची तपासणी करताना पुरवठा बंद करून, तो खरोखर बंद असल्याची टेस्टरने खात्री करतो, जोडलेली उपकरणे सोडवून ५०० व्होल्ट डीसीच्या मेगरने वायर आणि अर्थिंग यांच्यातला इन्सुलेशन रेझिस्टन्स मोजतो, वाचन १ मेगाओहमपेक्षा कमी आल्यास सर्किट एकेक करून वेगळे करत दोष कुठे आहे ते शोधतो आणि सगळी वाचने नोंदवतो.’ परीक्षकाने काय पाहायचे, विद्यार्थ्याने काय करायचे आणि प्रयोगशाळेत कोणते साधन हवे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे या वाक्यात आहेत. पातळीही यातच दिसते. ठरलेल्या क्रमाने मोजमाप करणे ही एक पातळी झाली. वाचन चुकीचे आल्यावर स्वतः दोष हुडकणे ही त्याच्या वरची. दुसऱ्याने केलेल्या कामाची तपासणी करून ‘हे जोडायला हरकत नाही’ अशी सही करणे ही आणखी वरची.

पातळीचे वर्णन लिहिताना तीन रकाने पुरतात. युरोपीय आराखड्याने २०१७ च्या सुधारणेत ज्ञान, कौशल्य आणि जबाबदारी-स्वायत्तता असे तीन ठेवले आहेत. भारताच्या २०१३ च्या कौशल्य पात्रता आराखड्यात पाच होते. रकाने जितके जास्त, तितकी लगतच्या दोन पातळ्यांत नुसत्या विशेषणांची अदलाबदल होण्याची शक्यता जास्त : इथे ‘चांगले’, पुढे ‘सखोल’, त्यापुढे ‘अतिसखोल’. तपासायची एक सोपी पद्धत आहे. पातळ्यांचे आकडे झाकून वर्णनांच्या चिठ्ठ्या करा आणि मसुदा लिहिण्यात नसलेल्या पाच-सहा जणांना त्या क्रमाने लावायला सांगा. दोन चिठ्ठ्यांची जागा वारंवार अदलाबदल होत असेल तर त्या दोन पातळ्या वेगळ्या नाहीत, त्यांचे वर्णन पुन्हा लिहा.

दुसरे टोकही टाळा. प्रत्येक कामाचे बारीक तुकडे पाडून हजारो मानके लिहिण्याचा मोह दक्षिण आफ्रिकेला १९९५ च्या कायद्यानंतर आवरला नाही. मानकांचे ढीग तयार झाले आणि त्यांतली बरीचशी कोणत्याच वर्गात शिकवली गेली नाहीत. इंग्लंडनेही २००८ मध्ये सगळ्या व्यवसाय पात्रता घटक आणि श्रेयांकांच्या एकाच साच्यात बसवायचे ठरवले. २०१५ मध्ये ती चौकट गुंडाळून पातळी आणि आकारमान एवढेच सांगणारी साधी चौकट आणावी लागली. आमचे मत स्पष्ट आहे : एका व्यवसायासाठी ८ ते १५ निष्पत्ती नीट लिहिल्या तर तेवढ्या पुरतात. शंभर झाल्या की मूल्यमापक फक्त खुणा करत सुटतो.

प्रश्न : आमचा एक श्रेयांक १० तासांचा, शेजारी देशाचा ३० तासांचा. बदल्याचा हिशेब कसा करायचा?

थेट श्रेयांकाला श्रेयांक लावू नका, वर्षाच्या एकूण भारावरून हिशेब करा. न्यूझीलंडमध्ये १० तासांचा एक याप्रमाणे वर्षाला १२० श्रेयांक, म्हणजे १२०० तास. भारतात वर्षाचे १२०० तास आणि ४० श्रेयांक, म्हणजे एक श्रेयांक ३० तासांचा. युरोपात वर्षाला ६०, प्रत्येकी २५ ते ३० तासांचे. मलेशियात एक श्रेयांक ४० तासांचा.

हे तास शिकणाऱ्याचे असतात, शिकवणाऱ्याचे नव्हेत. २०० तासांच्या घटकात वर्गातले ६०, कार्यशाळेतले ८०, घरी वाचन-सरावाचे ५० आणि परीक्षेचे १० तास असू शकतात. संस्था हमखास दोन प्रकारे चुकतात. काही जण फक्त वर्गातले ६० तास मोजतात आणि त्यांचा अभ्यासक्रम कागदावर किरकोळ दिसतो. काही जण ‘स्वयंअध्ययन’ या सदरात वाटेल तेवढे तास भरून श्रेयांक फुगवतात. दुसऱ्या प्रकाराला आळा घालायचा तर स्वयंअध्ययनाच्या तासांपुढे त्यातून तयार होणारे काम लिहिणे सक्तीचे करा : वही, अहवाल, आराखडा, काहीही चालेल.

आणि श्रेयांक काम किती ते सांगतो, किती अवघड ते सांगत नाही. पातळी ३ चे १२० श्रेयांक पातळी ६ च्या १२० ची जागा घेऊ शकत नाहीत. हे नियमावलीत ठळक लिहा, नाहीतर पहिल्याच वर्षी त्यावरून तक्रारी येतील.

प्रश्न : वृद्ध आणि आजारी माणसांची देखभाल करणाऱ्या अनेक बायकांना दहा-बारा वर्षांचा अनुभव आहे, पण कागद नाही. त्यांच्या पूर्वज्ञानाला मान्यता द्यायची आहे. पद्धत कशी ठेवावी? अनुभवाची वर्षे मोजली तर चालेल का?

वर्षे मोजून चालणार नाही. दहा वर्षे म्हणजे दहा वर्षांचे शिक्षण असेलही, किंवा एकाच वर्षाची दहा वेळा उजळणी असेल. मान्यता जे शिकले त्याला द्यायची, नोकरीच्या मुदतीला नाही.

युरोपीय संघाच्या परिषदेने २०१२ च्या शिफारशीत चार टप्पे सांगितले : ओळखणे, नोंदवणे, तपासणे, प्रमाणपत्र देणे. प्रत्यक्षात सगळ्यात दुर्लक्ष होते ते पहिल्या टप्प्याकडे. अर्जदाराबरोबर कोणीतरी जाणकाराने तासभर बसून, तिच्या रोजच्या कामातले काय काय निष्पत्तींशी जुळते ते तिच्याच शब्दांत काढून घ्यायला हवे. अर्ज हातात देऊन ‘भरून आणा’ म्हटले की निम्म्या बायका परत येत नाहीत. त्यांना काम येत नाही म्हणून नव्हे. ‘संक्रमण प्रतिबंध’ म्हणजे आपण रोज हात धुतो, चादरी वेगळ्या ठेवतो तेच, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

पुरावा चार कसोट्यांवर पाहायचा : तो त्या निष्पत्तीशी संबंधित आहे का, तिचाच आहे का, पुरेसा आहे का, आणि आजच्या पद्धतीला धरून आहे का. मालकाचे पत्र, कामाच्या नोंदवह्या, आधीच्या प्रशिक्षणाचे दाखले चालतात. रुग्णाचे फोटो मात्र मागू नका. खासगीपणाचा प्रश्न आहेच, शिवाय त्यातून सिद्ध काहीच होत नाही. ‘प्रत्येक निष्पत्तीला तीन पुरावे’ असला नियमही करू नका. एकाच प्रात्यक्षिकात पाच निष्पत्ती तपासून होतात.

कागदी पुराव्यापेक्षा प्रात्यक्षिक आणि पाऊण ते एक तासाचा संवाद जास्त सांगून जातो. उदाहरणार्थ, मूल्यमापक विचारते : ‘अंथरुणाला खिळलेल्या आजींच्या माकडहाडाजवळ लालसर डाग दिसला, बोटाने दाबला तरी फिका पडत नाही. काय कराल?’ मुरलेली बाई चटकन म्हणते, ‘तेल लावून चोळीन.’ पूर्वी तसेच सांगितले जायचे; पण हा डाग म्हणजे दाबजखमेची सुरुवात असते आणि तिथे चोळल्याने आतल्या ऊती आणखी दुखावतात. त्या जागेवरचा भार काढायचा, कूस बदलायची, नोंद करायची आणि नर्सला कळवायचे, हे योग्य उत्तर. पण या एका चुकीवरून तिला नापास करायचे नाही. उचलणे, भरवणे, औषधांच्या वेळा, नातेवाइकांशी बोलणे यांत ती पक्की असेल तर तेवढ्या घटकांचे श्रेयांक तिला लगेच द्या आणि त्वचेच्या काळजीचा एक छोटा घटक तेवढा शिकायला सांगा. फ्रान्समध्ये २००२ च्या कायद्यापासून परीक्षक मंडळ पूर्ण किंवा अंशतः अशी दोन्ही प्रकारची मान्यता देऊ शकते. अंशतः मान्यतेची सोय नसेल तर मूल्यमापक दोनच गोष्टी करतो : दयेपोटी सगळे पास करतो किंवा भीतीपोटी सगळे नापास.

बिघडते कुठे, तेही सांगतो. मूल्यमापन तीच संस्था करत असेल जिला नियमित अभ्यासक्रमाचे शुल्क मिळते, तर मान्यता दिल्याने तिचे गिऱ्हाईक कमी होते. म्हणून दोनपैकी किमान एक मूल्यमापक बाहेरचा हवा. उलट, प्रमाणपत्रांच्या संख्येवर पैसे मिळत असतील तर अर्ध्या दिवसाची ओळख आणि दुपारी प्रमाणपत्रवाटप असा कारखाना सुरू होतो. म्हणून पैसे मूल्यमापनाचे द्या, निकाल काहीही लागो. प्रमाणपत्रावर ‘अनुभवाधारित’ असा शिक्काही नको. मजकूर इतरांच्या प्रमाणपत्रावर असतो तोच ठेवा, नाहीतर नोकरी देणारे दोन ढीग करतील.

प्रश्न : विद्यापीठे म्हणतात, ‘आमच्या स्वायत्ततेत हा हस्तक्षेप आहे.’ त्यांना बाहेर ठेवून काम पुढे न्यावे का?

नको. न्यूझीलंडमध्ये नव्वदच्या दशकात विद्यापीठे घटक-मानकांच्या पद्धतीला तयार झाली नाहीत आणि त्या मुद्द्यावर अनेक वर्षे ताण राहिला. पदव्यांचे तुकडे करायला सांगितलेत तर विरोध होणारच, आणि तो सगळाच अवाजवीही नसतो. दक्षिण आफ्रिकेने २००८ च्या कायद्याने वेगळा मार्ग काढला : आराखडा एकच, पण शालेय, उच्च आणि व्यवसाय शिक्षणासाठी तीन वेगळ्या गुणवत्ता परिषदा.

विद्यापीठांकडून थोडेच मागा. प्रत्येक पदवीच्या निष्पत्ती एका पानावर, पातळी, श्रेयांक, आणि ठरावीक मुदतीने बाहेरच्या तज्ज्ञांकडून आढावा. मात्र एका बाबतीत मागे हटू नका : खालून येणाऱ्यांच्या प्रवेशाची लेखी वाट. ‘संबंधित पदविकाधारकास दुसऱ्या वर्षात प्रवेश, अमुक विषयांत सूट’ असे स्पष्ट वाक्य हवे. ‘पात्र उमेदवारांचा विचार केला जाईल’ या वाक्याला काही अर्थ नाही.

जर्मनीचे उदाहरण दोन्ही बाजूंनी बोलके आहे. तिथे कसबी व्यवसायातला माइस्टर (उस्ताद कारागिराची पात्रता) आणि विद्यापीठाची बॅचलर पदवी दोन्ही सहाव्या पातळीवर आहेत, म्हणजे व्यवसायशिक्षणाचा मान वाढला. पण पातळी एक झाल्याने एकाला दुसऱ्याची पदवी लावता येत नाही आणि पुढच्या प्रवेशाचा हक्कही आपोआप मिळत नाही. शालेय अंतिम परीक्षा कुठे बसवायच्या यावर तर २०१२ मध्ये एकमत झाले नाही, म्हणून त्या तेव्हा बाहेर ठेवूनच आराखडा पुढे नेला. अडलेला एक भाग बाजूला ठेवून बाकीचे काम सुरू करणे हा शहाणपणाच होता.

प्रश्न : दोन-तीन आठवड्यांच्या छोट्या अभ्यासक्रमांना पातळी द्यावी का?

द्यावी, पण मूल्यमापन असेल तरच. नुसत्या हजेरीच्या प्रमाणपत्राला आराखड्यात जागा नाही. छोट्या प्रमाणपत्रांबाबत युरोपीय संघाने २०२२ मध्ये शिफारस केली. तिचा गाभा हा की कागदावर देणारी संस्था, तारीख, निष्पत्ती, अध्ययनाचे तास, मूल्यमापनाचा प्रकार आणि गुणवत्ता हमी कोणाची, हे लिहिलेले असावे. असे पाच-सहा तुकडे जोडून आपोआप पदविका होईल असे आश्वासन मात्र देऊ नका. विषय जुळतात का, पातळी सारखी आहे का, हे पाहूनच जोडणी करायची, आणि ती कोण करणार हे आधी ठरवायचे.

प्रश्न : माझे प्रमाणपत्र आमच्या आराखड्यात पाचव्या पातळीवर आहे. परदेशात ते पाचव्याच पातळीचे धरतील ना?

नाही. आकडा त्या त्या देशाचा असतो. दोन आराखड्यांची जुळणी अधिकृतपणे झाली असेल तर तिथली समकक्ष पातळी कळते. तुमच्या देशाच्या पात्रता प्राधिकरणाकडे तो तक्ता मागा. पुढचा निर्णय त्या देशातले विद्यापीठ, नोकरी देणारा किंवा, डॉक्टर-नर्ससारख्या व्यवसायांत, तिथली परवाना परिषद घेते. उच्चशिक्षणाच्या पात्रतांसाठी युनेस्कोचा जागतिक करार २०१९ मध्ये झाला आणि मार्च २०२३ पासून लागू आहे. करारात सामील झालेल्या देशांत, ठोस फरक दाखवता आला नाही तर मान्यता द्यावी, असे त्याचे सूत्र आहे. अर्जासोबत गुणपत्रिकेइतकाच निष्पत्ती आणि तास दाखवणारा अभ्यासक्रमाचा तपशील जोडा, त्याने काम सोपे होते.

प्रश्न : आराखडा लागू होऊन पाच वर्षे झाली. तो चालतो आहे हे कशावरून ओळखायचे? आमच्याकडे नोंदणीकृत पात्रतांची संख्या दरवर्षी वाढते आहे.

ती संख्या यशाची खूण नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१० च्या १६ देशांच्या अभ्यासात हेच दिसले, की आराखडे उभारले गेले तरी त्यांनी अपेक्षित बदल घडवल्याचे पुरावे तुटपुंजे होते.

वेगळे आकडे गोळा करा. व्यवसाय प्रमाणपत्रावर किती जणांना उच्चशिक्षणात प्रवेश मिळाला? श्रेयांक हस्तांतराचे किती अर्ज आले, किती मंजूर झाले, नाकारताना कारण काय दिले? पूर्वज्ञान मान्यतेसाठी आलेल्यांपैकी किती जणांनी मध्येच सोडले, आणि कोणत्या टप्प्यावर? मूल्यमापनाच्या विश्वासार्हतेसाठी वर्षातून एकदा तेच वीस पुरावासंच दोन वेगळ्या केंद्रांतल्या मूल्यमापकांना, एकमेकांचा निकाल न दाखवता द्या. पाच-सहा संचांवर निकाल वेगळे आले तर निष्पत्तींची भाषा तरी सैल आहे किंवा मूल्यमापकांचे प्रशिक्षण तरी.

पात्रतांच्या नोंदवहीची साफसफाई मात्र लगेच हाती घ्या. सलग तीन वर्षे एकही प्रवेश नसलेली प्रत्येक पात्रता वेगळी काढा आणि ती देणाऱ्या संस्थेला विचारा. समाधानकारक उत्तर नसेल तर नव्या प्रवेशांसाठी ती बंद करा. पण नोंद पुसू नका. ज्यांनी ती पूर्वी मिळवली आहे त्यांचे प्रमाणपत्र पडताळण्यासाठी पात्रतेचा क्रमांक, पातळी, श्रेयांक आणि वैध काळ नोंदवहीत कायम राहायला हवेत. ‘बंद, मात्र पूर्वी दिलेली प्रमाणपत्रे ग्राह्य’ असा शेरा त्यापुढे घाला.